पडद्याखालच्या दोन ओळी

मी डिजिटल मीडिया शिकते असं सांगितलं की नातेवाइकांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. "म्हणजे रील्स बनवायच्या का?" आणि "त्यात नोकरी मिळते का?" पहिल्याचं उत्तर थोडंफार 'हो' असं आहे. दुसऱ्याचं उत्तर बी. कॉम. संपल्यावर कळेल. पण शनिवार-रविवारच्या या सहा महिन्यांच्या वर्गात मला सगळ्यात उपयोगी पडलेली गोष्ट या दोन्ही प्रश्नांत येतच नाही. ती म्हणजे व्हिडिओच्या खाली दिसणाऱ्या दोन ओळी, सबटायटल्स.

आमचं घर चार पिढ्या बडोद्यात आहे. घरात मराठी, दाराबाहेर गुजराती आणि शाळेत इंग्रजी, अशी मी वाढले. मराठी बोलायला कधी अडलं नाही, पण लिहायची वेळ क्वचितच यायची. आजोबांचं मात्र सगळं मराठीतच. त्यांचं वय ८२. काही वर्षांपासून त्यांना कमी ऐकू येतं. कानाचं यंत्र आहे, पण चार माणसांच्या गलक्यात त्याचा फारसा उपयोग होत नाही. हवा तो आवाज मोठा होतो, तशी भांडी, मिक्सर आणि टीव्हीही मोठे होतात. म्हणून त्यांनी यंत्र काढून ठेवायला सुरुवात केली. पुढे जेवण झाल्यावर "तुमचं चालू द्या" म्हणत ते खोलीत जाऊ लागले. घरात सगळ्यात जास्त किस्से सांगणारा माणूस हळूहळू गप्प होत होता. आम्हाला ते दिसत होतं, पण काय करावं ते सुचत नव्हतं.

वर्गात तीन मिनिटांचा व्हिडिओ सबटायटल्ससह करून आणायला सांगितला. भाषा कोणतीही चालणार होती. माझ्याकडे उत्तरायणाच्या दिवशी गच्चीवर केलेलं शूटिंग होतं. त्यात बाबा आणि काका पतंगावरून भांडत होते, आई तिळाच्या वड्या वाटत होती आणि धाकटा भाऊ फिरकी धरून कंटाळला होता. आजोबा खुर्चीत बसून सगळ्यांकडे बघत होते. मी मराठी निवडली.

सबटायटलची एसआरटी फाइल दिसायला अगदी साधी असते. आधी क्रमांक, मग ओळ कधी दिसावी आणि कधी जावी याची वेळ, अगदी सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत. त्याखाली मजकूर आणि मग एक रिकामी ओळ. फाइल यूटीएफ-८ मध्ये जतन करायची, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं उमटू शकतात. हे सगळं शिकायला एक दुपार पुरली. खरं काम त्यानंतर सुरू झालं.

आवाज ऐकून आपोआप मजकूर लिहिणारं सॉफ्टवेअर वर्गात दाखवलं होतं. त्याने आमच्या गच्चीवरच्या मराठीचं काय केलं ते बघण्यासारखं होतं. 'वेळ'ची 'वेल' झाली, 'बाळ'चं 'बाल' झालं. बाबांच्या वाक्यात मध्येच गुजराती शब्द आला की पुढचं सगळंच कोसळायचं. शेवटी मी सगळं हाताने लिहायला घेतलं. ऱ्हस्व-दीर्घाची शंका आली की शब्द कागदावर लिहून आजोबांसमोर धरायचा. ते चष्मा लावून बघायचे आणि खाली त्यांच्या वळणदार अक्षरात उत्तर लिहायचे. कितीतरी दिवसांनी आमचं असं सलग बोलणं झालं, आणि तेही कागदावर!

वाक्य कुठे तोडायचं हेही त्यांच्यामुळेच कळलं. एका वेळी दोनपेक्षा जास्त ओळी नकोत, हा नियम वर्गात सांगितला होता. पण 'काकांनी' वरच्या ओळीत आणि 'कापला' पुढच्या पडद्यावर गेला, की वाचणारा मध्येच लटकतो. आजोबांना वाचायला किती वेळ लागतो हे मी त्यांच्या शेजारी बसून पाहिलं. माणूस भरभर बोलतो, डोळे तितके भरभर वाचत नाहीत. मग काही शब्द गाळावे लागतात. कोणते गाळायचे हे सॉफ्टवेअर सांगत नाही. काकांचे तीनदा आलेले 'अरे' मी एकदाच ठेवले. पण आईचं "आजोबांना विचारा, त्यांनी किती पतंग कापलेत ते" हे वाक्य अक्षरही न गाळता ठेवलं. त्या दिवशी गच्चीवर ते आजोबांपर्यंत पोचलंच नव्हतं.

व्हिडिओ बघताना त्या ओळीपाशी त्यांनी हात वर केला. मी थांबवलं. "हे माझ्याबद्दल चाललं होतं?" त्यांनी विचारलं. मग पतंगांचा आकडा सांगायला त्यांना अर्धा तास लागला.

बडोद्यात शिकणाऱ्याने एक गोष्ट विसरू नये. सयाजीराव महाराजांनी १८९० साली इथे कलाभवन सुरू केलं. तिथे शिकलेल्यांपैकी एक म्हणजे दादासाहेब फाळके. त्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी मुंबईत प्रदर्शित झाला. तो मूकपट होता. चित्रांच्या मधे येणारी अक्षरं वाचूनच प्रेक्षकांना गोष्ट कळायची. हे मी आजोबांना लिहून दाखवलं, तर म्हणाले, "म्हणजे मी फाळक्यांचाच प्रेक्षक की!"

व्हिडिओची सोय झाली, तरी रोजच्या जेवणाचा प्रश्न उरतोच. तिथे मागाहून सबटायटल्स घालता येत नाहीत. बोललेलं लगेच लिहून दाखवणारं ॲप मी फोनवर घेतलं आणि फोन आजोबांच्या ताटाजवळ ठेवला. चौघे एकदम बोललो की त्यावर नुसती खिचडी दिसते. म्हणून आमच्याकडे आता एक जण बोलतो तेव्हा बाकीचे थांबतात. बाबांना हे अजून जड जातं. पण हे जमलं की ॲपची गरजही कमी पडते, कारण एकच आवाज असला की आजोबांच्या यंत्रालाही तो बराचसा पकडता येतो. हल्ली ते यंत्र लावून जेवायला बसतात. रोज नाही, पण बऱ्याचदा.

तुमच्यापैकी कितीतरी जण एडिटिंग शिकत असाल, किंवा फोनवर सहज करत असाल. घरच्या लग्नाचा, मुंजीचा, गणपतीचा एखादा व्हिडिओ काढा आणि त्याला मराठी सबटायटल्स घाला. तीन मिनिटं पुरेत. अक्षरं थोडी मोठी ठेवा, मागे गडद पट्टी द्या. आणि पहिल्यांदा दाखवताना पडद्याकडे बघू नका. ज्यांच्यासाठी केलंय त्यांच्या चेहऱ्याकडे बघा, म्हणजे ओळ किती वेळ ठेवायची ते आपोआप कळेल.