ऐकायला कोणी नसताना

'टायटॅनिक'मधला आवडता सीन कोणता, असं विचारलं की बहुतेक जण जहाजाच्या टोकावर हात पसरून उभी असलेली रोझ सांगतात. तो मलाही आवडतो. पण मी यूट्यूबवर शोधून पुन्हा पुन्हा बघतो ते दोन सीन वेगळेच आहेत, आणि त्यांपैकी एकही जॅक-रोझचा नाही.

पहिला थॉमस अँड्र्यूजचा. जहाजाचं डिझाइन करणारा हा माणूस टेबलावर नकाशा पसरतो आणि कॅप्टनला हिशेब समजावतो. पुढचे चार कप्पे भरले तरी जहाज तरंगेल, पाच भरले तर नाही. कप्प्यांच्या भिंती वरपर्यंत गेलेल्याच नाहीत. त्यामुळे बर्फाचा ट्रे तिरका धरून नळाखाली ठेवल्यावर होतं, तसं पाणी एका कप्प्यातून दुसऱ्यात सांडत जाणार. पंप लावले तर काही मिनिटं मिळतील, इतकंच. हे जहाज बुडूच शकत नाही, असं कंपनीचा माणूस म्हणतो. अँड्र्यूज त्याला आठवण करून देतो, की ते लोखंडाचं आहे.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. सिस्टिम बंद पडल्यावरच्या कॉलवर 'असं होऊच शकत नाही' म्हणणारा एक जण असतोच. पण आमच्याकडे बॅकअप असतो. तिथे जहाजावर सुमारे 2200 माणसं होती आणि 20 बोटींत जागा 1178 जणांना. तेव्हाच्या नियमाला तर 16 बोटीही पुरेशा होत्या! म्हणजे कागदावर सगळं ठीक होतं. 14 एप्रिल 1912च्या रात्री 11:40ला धडक बसली आणि 2:20ला जहाज बुडालं. सुमारे 1500 माणसं गेली.

दुसरा सीन वादकांचा. आपल्याला कोणी ऐकतच नाहीये, असं त्यांच्यातला एक जण म्हणतो. जेवताना तरी कुठे ऐकतात, असं उत्तर येतं. मग निरोप घेऊन सगळे निघतात. वॉलेस हार्टली मात्र एकटाच थांबतो आणि व्हायोलिनवर एक जुनं ख्रिस्ती भजन सुरू करतो. ते ऐकून बाकीचे एकेक करून परत येतात.

या सिनेमाचं संगीत जेम्स हॉर्नरचं. शेवटी गाणं नको, असं दिग्दर्शक जेम्स कॅमेरॉनचं मत होतं. हॉर्नरने सेलिन डिऑनकडून ते गुपचूप रेकॉर्ड करून घेतलं आणि मग त्याला ऐकवलं. मला मात्र त्या गाण्यापेक्षा सिसेलचा शब्दांशिवायचा आवाज जास्त भिडतो. आणि वादकांच्या सीनमध्ये तर हॉर्नरची स्वतःची धूनही नाही. पलंगावर मिठी मारून पडलेलं म्हातारं जोडपं, मुलांना गोष्ट सांगून झोपवणारी आई, या सगळ्यांवरून तेच भजन वाहत राहतं.

हे दोन सीन मला नीट कळले ते आजोबा गेले त्या वर्षी. डॉक्टरांनी रिपोर्ट समोर ठेवून शांतपणे सांगितलं, आता थोडेच दिवस. आकडे मला लगेच समजले. पण आकडे समजल्यावर पुढे काय करायचं, ते कळेना. मी रात्र रात्र मोबाइलवर उपचार शोधत बसायचो. आत्या मात्र रोज संध्याकाळी त्यांच्या उशाशी बसून हरिपाठ म्हणायची. एकदा न राहवून म्हणालो, "अगं आत्या, त्यांना आता ऐकू येत नसेल."

"नसू दे," ती म्हणाली, "माझी वेळ झालीय हरिपाठाची."

दुसऱ्या दिवसापासून मीही मोबाइल ठेवून तिच्या शेजारी बसायला लागलो. पाठ काही नव्हतं, नुसते टाळ धरले.

खऱ्या टायटॅनिकवर वादक आठ होते. आठही गेले. त्यांनी शेवटी नेमकं काय वाजवलं, यावर वाचलेल्यांचं एकमत नाही. कोणी भजन सांगतं, कोणी वॉल्ट्झ. ते वाजवत होते, एवढं मात्र सगळ्यांच्या लक्षात राहिलं.