वेढ्यातलं खरेदीखत

यिर्मयाने शेत विकत घेतलं तेव्हा यरुशलेमेभोवती बाबेलच्या सैन्याचा वेढा होता. शहरात अन्नाचे वांधे होते. शहर पडणार हे खुद्द यिर्मयाच वर्षानुवर्षं सांगत आला होता आणि त्या बोलण्यापायी राजा सिद्कीयाने त्याला पहारेकऱ्यांच्या चौकात डांबलं होतं. अशात त्याचा चुलतभाऊ हनामेल तिथे आला. अनाथोथातलं आपलं शेत यिर्मयाने घ्यावं, तसा हक्कच त्याचा आहे, असं त्याचं म्हणणं. अनाथोथ यरुशलेमेपासून तासा-दीड तासाच्या चालीवरचं गाव. म्हणजे शेत शत्रूच्या टापूत आणि घेणारा कैदेत.

तरी यिर्मयाने 17 शेकेल रुपं तराजूत तोलून दिलं. खत लिहिलं, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, शिक्का मारला. एक प्रत मोहरबंद, एक उघडी. दोन्ही प्रती त्याने आपला लेखनिक बारूख याच्या हवाली केल्या आणि मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या, म्हणजे पुष्कळ दिवस टिकाव्यात.

आमच्या नगर जिल्ह्यात सातबाऱ्यावरून भाऊ भावाशी बोलेनासे होतात. शेताचा कागद काय चीज आहे हे आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. बायबलमधला हा अध्याय उपासनेत वाचला जातो तेव्हा मागच्या बाकांवरचे शेतकरीही सावरून बसतात. बुडणाऱ्या मुलखातली जमीन पूर्ण दाम मोजून घेणारा माणूस त्यांना विलक्षण वाटतो.

मला मात्र या कथेतली सर्वांत जवळची जागा व्यवहार पुरा झाल्यानंतरची वाटते. खत बारूखाच्या हाती दिल्यावर यिर्मया प्रार्थना करायला लागतो आणि त्या प्रार्थनेत तो चांगलाच गोंधळलेला आहे. आधी तो देवाच्या थोरवीची उजळणी करतो आणि शेवटी मनातलं बोलून टाकतो : शहर तर बाबेलच्या खास्द्यांच्या घशात चाललं आहे आणि तू मला शेत घ्यायला सांगितलंस! हा प्रश्न त्याने पैसे मोजण्याआधी विचारला नाही. हातांनी आधी आशेचं काम उरकलं, मन मागून आलं, तेही कुरकुरत.

विश्वास आणि आशा यांबद्दल मला जे थोडंफार कळलं आहे ते एवढंच. कठीण काळात आशा मनात शोधत बसू नये. मनात ती पुष्कळदा नसते. तेव्हा ती हातांनी करायची असते.

हे मला पहिल्यांदा शिकवलं माझ्या आजीने. 1972 च्या दुष्काळात मी शाळकरी होते. गावातली धडधाकट माणसं खडी फोडायला, पाझर तलावावर माती वाहायला जात. त्यांत आमच्या मंडळीतलीही सगळी घरं होती. कामावर सुकडी मिळे आणि रेशनवर मिलो, ती परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. तिची भाकरी थापताना चिरायची आणि खाताना घशाशी अडायची. आजीच्या चुलीशेजारी पत्र्याचा एक डबा असे. दळणाला धान्य काढलं की पहिली मूठ त्या डब्यात पडायची. महिनाअखेरीला डबा देवळात जायचा आणि पाळकसाहेब ते धान्य नडलेल्या घरी पोचवायचे. त्या वर्षी नडलेलं घर आमचंच होतं. आई एकदा दबकत म्हणाली, “आत्या, औंदा मूठ ऱ्हाऊ द्या की.”

आजीने मिलोचे दाणे मुठीत घेतले. मग तिने मूठ हळूहळू आवळली, बोटांच्या फटींतून बरेचसे दाणे परत सुपात पडू दिले, आणि उरले तेवढे डब्यात सोडले. “मूठ बारकी व्हईल गं पोरी,” ती म्हणाली, “बंद न्हाई व्हायची.”

आजीला वाचता येत नव्हतं. उद्या पाऊस पडेल अशी तिला खात्री होती, असंही मला वाटत नाही. संध्याकाळी आभाळाकडे पाहून ती सगळ्यांसारखीच सुस्कारे टाकायची. पण तिच्या हातांचा नेम चुकला नाही. पुढे अनेक वर्षांनी, माझी स्वतःची वेळ आली तेव्हा, धर्मशास्त्राच्या कुठल्याही पुस्तकापेक्षा ती आवळलेली मूठ मला उपयोगी पडली.

मराठी ख्रिस्ती माणसाला अशा मुठी शोधायला फार लांब जावं लागत नाही. पंडिता रमाबाईंचं आयुष्य पाहा. भटकंतीत, उपासमारीत आईवडील गेले. 1880 साली पाठीराखा भाऊ श्रीनिवास गेला. 1882 साली पती बिपिनबिहारी मेधावी पटकीने गेले, तेव्हा मुलगी मनोरमा वर्षाचीही झालेली नव्हती. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला म्हणून सगळी दुःखं मिटली असं झालं नाही. उलट ज्या समाजाने विदुषी म्हणून डोक्यावर घेतलं होतं त्यातल्याच पुष्कळांनी पाठ फिरवली. 1889 साली मुंबईत शारदा सदन निघालं, त्यावरही वादळं झाली. मग 1896-97 चा दुष्काळ आला. उपासमार म्हणजे काय हे रमाबाईंना अंगाने माहीत होतं. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना केडगावला घेऊन आल्या. तिथे विहिरी खणल्या, शेती केली, छापखाना काढला. ज्यांना कुणी दारात उभं करत नव्हतं त्या मुली तिथे अक्षरं ओळखायला आणि खिळे जुळवायला शिकल्या.

त्याच केडगावात रमाबाईंनी बायबल मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून साध्या मराठीत आणायचं काम हाती घेतलं. खेड्यातल्या बाईलाही ते समजलं पाहिजे हा त्यांचा आग्रह. काम अनेक वर्षं चाललं. 1921 साली मनोरमा गेली. जिच्या हाती सगळं सोपवायचं तीच गेली. त्या दिवसांत रमाबाईंच्या मनात काय चाललं असेल ते देवच जाणे. हात मात्र भाषांतरावर होते. पुढच्याच वर्षी, 5 एप्रिल 1922 ला, त्या स्वतः गेल्या आणि संपूर्ण ग्रंथ वाचकांच्या हाती पडला तो त्यांच्या मागे.

रेव्हरंड नारायण वामन टिळक 1919 साली गेले तेव्हा त्यांचं ‘ख्रिस्तायन’ अपुरं होतं. ते पुरं केलं लक्ष्मीबाईंनी. ज्या बाईने शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, 1895 साली नवऱ्याच्या बाप्तिस्म्याने जिच्या पायाखालची जमीन सरकली होती, जिने ताटातुटीचे दिवस काढले आणि मग स्वतःच्या पायांनी त्याच वाटेवर आली, तिने. यिर्मयाचंही तसंच. यरुशलेम पडलं, लोक बाबेलला गेले, त्याला त्याचे लोक मिसर देशात घेऊन गेले. अनाथोथातल्या शेतात त्याने एक तास तरी काढला असेल असं वाटत नाही. खत मात्र मडक्यात राहिलं, मागून येणाऱ्यांसाठी.

आमच्या घराला वेढा पडला तो काही वर्षांपूर्वी. यांची दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आणि डायलिसिस सुरू झालं. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना सांगायला नको, इतरांसाठी सांगते. आठवड्यातून दोनदा, दर वेळी चार तास. आत जाण्याआधी वजन, बाहेर आल्यावर वजन. मधल्या दिवसांत अंगात किती पाणी साठलं ते त्या काट्यावर कळतं. म्हणून पिण्याचं पाणी मापाने. सकाळी तांब्या भरून ठेवायचा, औषधाच्या गोळ्यांनाही त्यातूनच. उन्हाळ्यात घसा फारच सुकला तर बर्फाचा खडा जिभेवर. टरबूज, नारळपाणी, केळं बंद. ज्या माणसाने आयुष्यभर पाहुण्याच्या हातात आधी पाण्याचा पेला दिला तो माणूस घोट मोजू लागला.

यांच्या डाव्या हातावर मनगटाच्या वर रोहिणी आणि नीला जोडून फिस्टुला केलेला आहे. सुया तिथेच टोचतात. त्यावर बोटं ठेवली की कातडीखाली बारीक घरघर लागते. ती लागली म्हणजे रक्त वाहतं आहे, वाट मोकळी आहे. घरघर थांबली तर ताबडतोब दवाखाना गाठायचा, असं पहिल्याच दिवशी बजावलेलं. तेव्हापासून सकाळी डोळा उघडला की मी आधी यांच्या हातावर हात ठेवते.

त्या काळात माझी प्रार्थना बंद पडली होती. गुडघे टेकायचे, डोळे मिटायचे आणि आत काहीच उठायचं नाही. सुरुवातीला लोक सांत्वनाला येत. देव परीक्षा घेतोय, देव सोसवेल तेवढंच देतो, विश्वास धरा, सगळं ठीक होईल. त्यांचा भाव चांगला होता हे मी मनापासून मानते. पण अशा वाक्यांनी दुखणाइताच्या घरात एकटेपणा वाढतो, आणि हे आपण मंडळीतल्या लोकांनी ओळखलं पाहिजे. पवित्र शास्त्र आपल्यापेक्षा जास्त धीट आहे. त्यातलं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारातच संपतं, शेवटी उजेडाची एक तिरीपही नाही. तरी ते गाळलं नाही कुणी. ते गायचं म्हणून ठेवलं आहे. देवाच्या घरात असंही बोलता येतं, एवढा दिलासा मला त्यातून मिळाला.

आणि मिळाला तो महिला मंडळातल्या एका मावशींकडून. त्या दर बुधवारी यायच्या, चपला काढता काढता विचारायच्या, “आज किती भरलं वजन?” मी आकडा सांगायची. मग चहा व्हायचा, इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं आणि निघताना त्या उभ्यानेच प्रार्थना करायच्या. तो आकडा त्या प्रार्थनेत असायचा. हे प्रभू, दोन किलो वाढलंय, उद्या नीट उतरू दे. माझ्याने उच्चारत नव्हतं ते त्या माझ्या वतीने, माझ्या स्वयंपाकघरात, किलोच्या हिशेबात देवापुढे मांडत होत्या. रविवारी देवळातही तसंच. माझ्या तोंडून गीत फुटायचं नाही, पण डावीउजवीकडे लोक गात असायचे आणि पेटीचे सूर चालू असायचे. मी नुसती उभी राहायची. मंडळी कशासाठी असते हे मला तेव्हा नीट कळलं. एकाची आशा आटते तेव्हा दुसऱ्यांच्या आशेवर त्याला उभं राहता यावं म्हणून.

पुनरुत्थानाच्या रविवारचा वृत्तान्त मी आता वेगळ्या नजरेने ऐकते. त्या पहाटे कबरेकडे निघालेल्या बायका, मग्दालीया मरीया, याकोबाची आई मरीया, सलोमे, या काही आशेने भारलेल्या नव्हत्या. प्रभू उठला असेल असं त्यांच्या ध्यानीमनी नव्हतं. त्या निघाल्या होत्या मेलेल्या देहाला सुगंधी द्रव्यं लावायला. वाटेत त्यांना काळजी होती ती कबरेच्या तोंडावरचा धोंडा कोण लोटील याची. धोंड्याचा बंदोबस्त झालेला नव्हता, तरी त्या घरातून निघाल्या होत्या. जे प्रेमाने करायचं ते हातात होतं, त्यासाठी द्रव्यं विकत घेतलेली होती, आणि सूर्य उगवायच्या बेताला त्या चालू लागल्या. ख्रिस्ती विश्वासाची सर्वांत मोठी बातमी ज्यांच्या कानी पहिल्यांदा पडली, त्या बायका कामावर निघालेल्या होत्या. माझ्यासारखीला याहून मोठं आश्वासन नाही. पुनरुत्थान माझ्या मनाच्या उभारीवर अवलंबून नव्हतं आणि नाही. ते झालेलं आहे. म्हणून तर रिकाम्या मनाने केलेलं कामही फुकट जात नाही.

यांचं डायलिसिस चालू आहे आणि चालू राहील. मी बरेपणाचं वचन कुणाला देऊ शकत नाही, आणि तसं वचन देणाऱ्यांपासून सावध राहावं असंच मी सांगेन. पण ज्यांचा सध्याचा काळ कठीण आहे, ज्यांना प्रार्थना जमत नाही म्हणून आपला विश्वास संपला असं वाटतं, त्यांना एक गोष्ट खात्रीने सांगते. मनाची वाट पाहू नका. आज जेवढं हाताने होईल तेवढं देवाच्या नावाने करा : कुणाचा ताप पाहा, कुणाला चार घास भरवा, रविवारी देवळात जाऊन नुसते उभे राहा, धान्याची एक मूठ काढून ठेवा. मूठ लहान करावी लागली तर करा. आणि तुमच्या शेजारी असा वेढा पडलेलं कुणी असेल तर उपदेश न करता त्याच्या घरी जा, त्याचा आकडा विचारा, आणि त्याच्या वतीने प्रार्थना करा. त्याची आशा त्याला परत मिळेपर्यंत ती तुम्ही सांभाळायची आहे.