टाकीजवळची घरघर

वेरूळ, रविवार रात्र

आज अंगणातच अण्णांच्या जुन्या डिझेल ट्रकला विजेवर चालणारा फीड पंप बसवला. मूळचा पंप कॅमशाफ्टवर चालायचा; इंजिन फिरेल तेव्हाच डिझेल ओढायचा. जोडणी जराशी सैल झाली की गाडी एअर घ्यायची. मग खुलताबादच्या घाटात, मागे आल्याची पोती, आणि अण्णा हातपंप मारत उभे.

नवा पंप टाकीजवळ, तिच्या तळाच्या पातळीला चेसिसवर आवळला. तो डिझेल पुढे ढकलतो. वायर फ्यूज आणि रिलेमधून नेली, ऑइलच्या दाबाचा स्विच जोडला. इंजिन बंद पडलं की पंपही थांबतो. त्यामुळे नळी फुटून इंजिन बंद पडलं, तर पंप डिझेल बाहेर ढकलत राहत नाही. एअर काढायला वेगळं बटण दिलं. उच्च दाबाच्या इंजेक्शन पंपाला मात्र हात लावला नाही.

समोरच्या डोंगरात आठव्या शतकातलं कैलास लेणं आहे, कळसाकडून पायाकडे कोरलेलं. तिथे चुकलेला घाव परत घेता येत नव्हता. मला नट पुन्हा आवळता येतो. तरी प्रत्येक जोड तीनदा पुसून पाहिला.

संध्याकाळी अण्णांनी बटण दाबलं. पंप घुमला, पहिल्याच सेल्फला इंजिन पेटलं. त्यांनी आपल्या तळहाताकडे पाहिलं. चाळीस वर्षांच्या कष्टातला एक कष्ट आज उतरला.