कुसळांचा डोंगर

आमच्याकडच्या डोंगराला कुणी सह्याद्री म्हणत नाही. सह्याद्री म्हटला की डोळ्यांपुढं धुकं येतं, कडे येतात, पावसात न्हालेली रानं येतात. कवठे महांकाळच्या आसपास जे उभं आहे त्यात यातलं काहीच नाही. महादेवाच्या डोंगररांगेचे फाटे माण-खटावकडून खाली येता येता दमत जातात. इथं पोचेस्तोवर उंची सरलेली असते, नुसता पसारा उरतो. मिरजेच्या शिवेवर दंडोबा, कुकटोळीला गिरलिंग, मग ढालगावकडचे सपाट माथे आणि त्यांवर फिरणाऱ्या पवनचक्क्या. दगड मात्र तोच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचले, त्यांतूनच पश्चिमेचे कडे झाले आणि आमचे बोडके माळही. पुढचा सगळा पंक्तिभेद पावसानं केला.

सातारा, सांगली आणि रत्नागिरीच्या सीमा जिथं भिडतात तिथं पाथरपुंज आहे. एखाद्या वर्षी तिथं सात हजार मिलिमीटर पाऊस होतो. आमच्याकडं पाचशे झाला तरी लोक म्हणतात, यंदा बरं आहे. मधलं अंतर सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास. एवढ्यात ढग रिते होतात, आणि त्यांच्याबरोबर सरकारचं आणि विद्यापीठांचं लक्षही आटतं, असं माझं जुनं गाऱ्हाणं आहे.

पश्चिमेकडं काय काय झालं ते पाहा. 1985 साली कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली. 2004 मध्ये चांदोलीला राष्ट्रीय उद्यान केलं. 2010 मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प उभा राहिला, साधारण 1,165 चौरस किलोमीटरचा. 2012 मध्ये पश्चिम घाटातल्या 39 ठिकाणांना जागतिक वारशाचा मान मिळाला, त्यात कास, कोयना, चांदोली आणि राधानगरी ही आपली चार. हे सगळं व्हायलाच हवं होतं. वाघांची नोंद तिथं फार तुरळक असायची, एखादा नर यायचा, कॅमेऱ्यात दिसायचा आणि पुढं जायचा. 2025 च्या नोव्हेंबरात ताडोब्याहून एक वाघीण आणून सोडली, तेव्हा आमच्या चहाच्या टपरीवरसुद्धा तिची चौकशी झाली.

माझी भाची कोल्हापूरला वनस्पतिशास्त्र शिकते. तिच्याकडून त्या जंगलाच्या कामाची रीत ऐकायला मला आवडतं. पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधतात, कारण वाघाच्या डाव्या कुशीचे पट्टे उजव्या कुशीसारखे नसतात. एकच बाजू दिसली तर एका वाघाचे दोन व्हायचे. ठरलेल्या सरळ रेषेवरून पहाटे चालायचं, दिसेल ते सांबर, दिसेल तो गवा मांडायचा. पण तिनं सांगितलेल्या एका गोष्टीनं मी अस्वस्थ झालो. चांदोलीतली गावं उठवली, त्यांची भातखाचरं मोकळी पडली, तिथं गवत आलं आणि गव्यांचे कळप त्यावर चरू लागले. आता ही कुरणं रानमोडीनं आणि झुडपांनी गिळू नयेत म्हणून तिथं मुद्दाम खपावं लागतं. तण उपटायचं, झाडोरा मागं रेटायचा, गवत जपायचं. गवत नसेल तर गवा नाही, सांबर नाही, आणि मग वाघानं राहायचं कशावर?

तिथं गवत ही दौलत आहे. इथं मैलोगणती गवत आहे, तर नकाशे करणाऱ्यांनी उपग्रहावरून बघून त्याला पडीक जमिनीत टाकलं. मग पडीक आहे म्हटल्यावर जो तो भरायला धावतो. जुलै आला की खड्डे, रोपं, फलक, फोटो. पोरांच्या रांगा लावून उतारावर गिरिपुष्पाच्या काठ्या रोवण्याचे कार्यक्रम मी नोकरीत पुष्कळ पाहिले. मेक्सिकोकडून आलेलं हे झाड, गुरं त्याला फारसं तोंड लावत नाहीत म्हणून ते जगतं, आणि जगतं म्हणून पुन्हा तेच लावतात. पवन्या, मारवेल, कुसळी यांची नावं त्या फलकावर कधी आली नाहीत. आश्विनात हीच कुसळी सगळा डोंगर तांबूस करून टाकते. वारा सुटला की तो तांबूसपणा एका उतारावरून दुसऱ्यावर सांडत जातो, आणि त्याच दिवसांत मध्य आशियाकडून आलेले भोवत्या पक्षी गवताला पोट घासत उडताना दिसतात. कुसळं धोतरात शिरतात, ती काढत बसण्यात संध्याकाळ जाते. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

झाडांशी माझं वैर आहे असं कुणी समजू नये. आमच्याच जिल्ह्यात, देवराष्ट्रे गावाजवळ, सागरेश्वर आहे. त्या उघड्या टेकड्यांवर धों. म. मोहिते नावाच्या माणसानं जंगल उभं करायचा ध्यास घेतला आणि 1985 मध्ये ते अभयारण्य म्हणून जाहीरही झालं. जेमतेम 10.87 चौरस किलोमीटर, भोवती जाळीचं कुंपण, आत चितळ, सांबर, काळवीट. माणसानं ठरवलं तर काय होतं ते पाहायला तिथं जावं. आणि ठरवलेल्या गोष्टी पुढं काय काय मागत राहतात, तेही तिथंच पाहावं. हरणं वाढली. त्यांना आवरणारं मोठं जनावर त्या कुंपणात नव्हतं. जाळी जिथं फाटे तिथून ती शाळू-उसात उतरत आणि शेतकरी रात्र जागत. अखेर तिथली काही चितळं धरून चांदोलीच्या रानात नेली, वाघाच्या ताटाची तजवीज म्हणून. कोरड्या मुलखातून ओल्या मुलखाकडं काही गेलं, असं मी पहिल्यांदाच ऐकलं. एरवी पाणीसुद्धा म्हैसाळहून पंपानं चढत आमच्याकडं येतं.

कुंपण नसलेलं एक राखीव रान मात्र आमच्या तालुक्यात पूर्वीपासून आहे. आरेवाडीचं बिरोबाचं बन. त्याला कुठल्या अधिसूचनेचा क्रमांक नाही. माळ तापून पांढरा पडलेला असताना बनात शिरलं की पाठीवरचं ऊन उतरतं. यात्रेला कर्नाटकातून, सोलापुराकडून धनगर येतात, ढोल घुमतात, भंडारा एवढा उधळला जातो की माणसांच्या भुवयासुद्धा पिवळ्या होतात, आणि चांगभलंच्या गजरात कुणाचं बोलणं कुणाला ऐकू येत नाही. तरी देवाच्या झाडाला कुऱ्हाड लावायची नाही, हे सांगायला कुणी पहारेकरी लागत नाही. गुंथर सोंथायमर नावाचा जर्मन अभ्यासक आयुष्यभर धनगरांच्या ओव्या गोळा करत फिरला. बिरोबाच्या कथा ऐकता ऐकता त्याला दिसलं की या देवांचा वावर वन आणि क्षेत्र, म्हणजे रान आणि नांगरलेली भुई, यांच्या मधल्या हद्दीवर आहे. देवराया मोजायचं काम माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात केलं, पण त्यांचा मुख्य भर पुन्हा घाटाकडच्याच रायांवर होता.

बनाचं कौतुक करताना हात आखडता घ्यावा लागतो. देवाला सभामंडप हवा, मंडपाला फरशी हवी, यात्रेला गाड्या उभ्या करायला जागा हवी. यात्रा उठल्यावर पत्रावळ्यांच्या जागी प्लॅस्टिकच्या ताटल्या उडत असतात. श्रद्धा झाड राखते, झाडाखालची जमीन राखतेच असं नाही. आणि बन राखलं म्हणजे माळ राखला असंही होत नाही. बन हातभर, माळ आभाळाएवढा. त्या माळावर आता मुरमासाठी टेकड्यांची कड खरवडली जाते आणि द्राक्षबागा ठिबकच्या नळ्या घेऊन उतारावर एकेक पट्टा वर सरकतात. बागायतदाराला दोष कसा द्यावा? त्याच्या आजानं याच जमिनीत दुष्काळ काढला आहे.

मग राखायचं ते कुणासाठी, असं भाचीनं विचारलं. मी म्हटलं, लांडग्यासाठी. वाघाइतकाच 1972 च्या कायद्याचा त्याला आधार आहे, पण त्याचं घर बहुतेक करून अभयारण्यांच्या बाहेर, अशा माळांवर असतं. त्याला कुणी कुंपण घातलं नाही ते बरंच झालं. दहा-बारा चौरस किलोमीटर त्याला एका रात्रीलाही पुरायचे नाहीत. तो मेंढरांच्या मागं फिरतो, मेंढरं गवतामागं फिरतात, गवत पावसामागं. असं फिरतं रान कुठल्या रेषेत बसवायचं, हा प्रश्न मला वाघाच्या प्रश्नाहून अवघड वाटतो, आणि त्यावर अभ्यास करणारी पोरं थोडी.

गेल्या दिवाळीनंतर भाची चौकट घेऊन आली. मीटरभर लांब, मीटरभर रुंद, लोखंडी पट्टीची. ढालगावच्या बाजूला उतारावर ती चौकट टाकायची, आत कोणकोणतं गवत आहे, किती आहे, ते वहीत लिहायचं, मग पुढं. रांजणीकडून येणारा एक म्हातारा मेंढका काठीवर हनुवटी टेकून आमचं हे काम न्याहाळत उभा राहिला.

‘‘गुरुजी, पोरगी काय शोधतीया?’’

‘‘गवत मोजतीय, आबा.’’

तो हसला नाही. खाली बसला आणि चौकटीतलं एक पातं चिमटीत धरून म्हणाला, ‘‘ही पवन्या. मेंढरू हिला पयलं तोंड लावतंय, म्हणून वाटंच्या कडंला दिसायची न्हाई. त्या पल्याडच्या अंगाला बघ पोरी, तिथं आम्ही बी पडस्तोवर कळप घालत न्हाई.’’

भाचीनं वर पाहिलं. ‘‘कुणी ठरवलं हे, आबा?’’

‘‘ठरवायचं काय त्यात? बी पडलं न्हाई तर म्होरल्या साली खायचं काय?’’

भाचीनं वहीत नवा रकाना आखला आणि चौकट उचलून पल्याडच्या अंगाला गेली. तिथं पवन्या गुडघ्याएवढी निघाली. मी आबांना लांडग्याचं विचारलं. वर्षाला दोन-चार कोकरं जातातच, म्हणाले, ते धरूनच हिशेब असतो. भ्या लांडग्याचं न्हाई, मोटरसायकलवरनं येऊन मेंढरं उचलणाऱ्यांचं हाय. मग सरकार इथंही अभयारण्य करणार का, असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, तसं काही ऐकिवात नाही, पण कधी झालंच तर?

आबा उठले, पटका झटकला, खाली पसरलेल्या द्राक्षबागांकडं काठी केली. ‘‘झालंच तर कुंपण त्या अंगानं घाला म्हणावं. वरनं न्हाई. वरनं आमाला यायचं आस्तंय.’’ आणि हाळी देत कळपामागं निघाले.