खोक्यातून निघाली 92 सीसीची करवत

मंडळी, मी चेनसॉ बनवला! विकत घेतला नाही, बनवला! व्हर्मांटच्या थंडीत शेगडीला लाकूडफाटा लागतो आणि तो कापायला चेनसॉ, एवढं माहीत होतं. पण चीनहून येणाऱ्या एका खोक्यात पिस्टनपासून स्क्रूपर्यंत सगळं सुटं मिळतं आणि ते जोडलं की श्टील कंपनीच्या एमएस 660 चेनसॉची हुबेहूब नक्कल उभी राहते, हे कळल्यावर झोपच उडाली!

660 म्हणजे 54 मिलिमीटर बोअर, 40 मिलिमीटर स्ट्रोक, जवळपास 92 सीसी, सात हॉर्सपॉवर. आपली लुना जेमतेम 50 सीसीची होती हो!

आणि खरी धमाल पुढे आहे. अस्सल मशीनचे पार्ट नकलेला चक्क बसतात! म्हणून जाणकार सांगाडा नकलेचा घेतात; बेअरिंग, ऑइल सील आणि पिस्टनमधल्या गजन पिनच्या सर्क्लिप मात्र अस्सल टाकतात. सर्क्लिप इवलीशी, पण चालत्या इंजिनात निसटली तर सिलिंडरची वाट लागलीच म्हणून समजा. मीही तेच केलं. सिलिंडरच्या पोर्टच्या धारदार कडा बारीक घासून गोल केल्या, नाहीतर रिंग तिथे अडकते.

मग बेअरिंग रात्रभर फ्रीजरमध्ये, श्रीखंडाच्या डब्याशेजारी. सकाळी मॅग्नेशियमचं केसिंग ओव्हनमध्ये. गरम धातू प्रसरण पावतो, गार आकसतो, हे शाळेत घोकलेलं. इथे बेअरिंग भोकावर धरलं आणि हातोडा न लावता टप्पकन आत! मी एकटाच गॅरेजमध्ये ओरडलो. कॉइल आणि फ्लायव्हीलमधली फट ठेवायला काय वापरलं? जुनं व्हिजिटिंग कार्ड!

दोरी ओढली, निळा धूर, आणि सुरू! ट्यूनिंग तर निव्वळ कानाचा खेळ. फुल थ्रॉटलवर मोकळं धरलं की इंजिनाने थोडं अडखळत बडबडायचं, म्हणजे पेट्रोल पुरेसं जातंय. साखळी ओंडक्यात घुसली की बडबड बंद, एकसलग सूर! पेट्रोल कमी पडलं तर त्यातलं ऑइलही कमी पडतं आणि पिस्टन जाम होतो. मेपलच्या ओंडक्यातून पिठासारखा भुसा नाही, चांगले जाड कीस उडाले!

नंतर शेजाऱ्याची अस्सल 660 चालवली. पहिल्या ओढीपासून निर्धास्त. मी ज्या कडा घासत बसलो, जे सील बदलले, ते सगळं तिथे कारखान्यातच निस्तरलेलं. जास्तीचे पैसे त्याचेच. रोज झाडं तोडून पोट भरणाऱ्याने अस्सलच घ्यावी. नक्कल घ्याल तर पहिल्या कापाआधी चेन ब्रेक साखळी क्षणात थांबवतो का, ते बघाच. तिथे तडजोड नाही.

पण टू-स्ट्रोक इंजिन आतून कसं जगतं हे बोटांनी शिकायचं असेल, तर खोकंच मागवा! मी तर हुस्कव्हार्नाच्या 372 च्या नकलेची ऑर्डर टाकूनही बसलोय!