बी बोर्लीचा, डी दिघीचा

संपादकांनी सायबर चोरांवर चुरचुरीत काहीतरी मागितलं होतं. माझ्या कामात चोर क्वचितच दिसतो. दिसतो तो राउटर, आणि त्याचा एक प्रश्न: हे प्रमाणपत्र मान्य आहे का? बहुतेक जण तो वाचायच्या आधीच ‘हो’ दाबून मोकळे होतात.

गेल्या पावसाळ्यात दिघीच्या जेटीजवळ एका कार्यालयात राउटर बदलायचा होता. फेरीबोट बंद, मी खाडीच्या अलीकडे आगरदांड्याला अडकलेला. मूळ प्रमाणपत्र (ज्याच्या भरवशावर राउटर बाकीची प्रमाणपत्रं मानतो ते) मेलनं पाठवलं, तिथल्या मुलानं ते चढवलं, राउटरनं त्याचा ठसा दाखवला: ६४ आकडे-अक्षरं. हा ठसा मेलनंच पडताळून उपयोग नाही. वाटेत फाइल बदलणारा ठसाही बदलेल. म्हणून फोन. फोनवर बी, डी, ई सगळे सारखेच. शेवटी ठरलं, आकडे मराठीत, म्हणजे ‘एट’ आणि ‘ए’चा घोळ नको. ए अलिबागचा, बी बोर्लीचा, सी चौलचा, डी दिघीचा. ई आणि एफला गाव सुचेना, तिथे ईडलिंबू आणि फणस आले.

“सर, पहिली चार, शेवटची चार जुळली. बास ना?”

नाही बास! यावरून मी सहकाऱ्यांशीही भांडलोय. फाइलमध्ये एक टिंब बदललं तरी अख्खा ठसा पालटतो, हे खरं. पण टोकाची आठ अक्षरं जुळतील अशी खोटी फाइल संगणकाला खटपट करून बनवता येते. चौसष्टच्या चौसष्ट जुळवणं आजवर कुणाला जमलेलं नाही. पोरानं वैतागून सगळं पुन्हा वाचलं.

‘ब्राउझरमध्ये कुलूप दिसतंय, मग काय भीती?’ हे ऐकून मात्र कान किटले. कुलूप म्हणजे कुणीतरी त्या साइटच्या नावाला जामीन राहिलंय, आणि तो जामीनदार तुमच्या यंत्राच्या यादीत आहे, एवढंच. जुलै २०१४ मध्ये नॅशनल इन्फॉर्मॅटिक्स सेंटरच्या यंत्रणेतून गूगलच्या काही नावांची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं उघड झालं. वर जामीन भारत सरकारच्या प्रमाणपत्र-नियंत्रकाचा. विंडोजच्या यादीत तो होता, फायरफॉक्सच्या नव्हता. म्हणून फायरफॉक्सला धोका नव्हता. ब्राउझरची यादी निदान कुणीतरी राखतं. कार्यालयातल्या राउटरची यादी आपणच भरतो, घाईत, जेवणाआधी.

खरं डाचतंय ते निराळंच. जुन्या राउटरमधून यादी उतरवताना त्यात एक जादा मूळ प्रमाणपत्र सापडलं. नाव मोघम, मुदत वीस वर्षांची. कुणी घातलं, कुणालाच ठाऊक नाही. माझ्याकडच्या एकाही नोंदीशी ठसा जुळेना. आधीच्या कुणीतरी ‘हो’ म्हटलं असणार. कदाचित मीच.

नव्या राउटरमध्ये ते घातलं नाही. त्यावाचून आजवर काहीही बंद पडलेलं नाही.