पुढच्या वर्षीची होडी

जुनी लाकडी होडी समुद्रात सहसा मरत नाही. ती मरते किनाऱ्यावर, ‘पुढच्या वर्षी करून घेऊ’ म्हणून ठेवलेली असताना. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या मचव्यांची खरी हानी लाटांनी केलेली नसते. ती केलेली असते पावसाच्या पाण्याने, उन्हाने आणि मालकाच्या मायेने. म्हणून कुणी जुनी होडी घेतल्याचं कानावर आलं की मी आधी एवढंच सांगतो, हत्यारं पेटीतच राहू देत.

मायेचं आधी. होडी दारात आली की मालकाचे हात शिवशिवतात. पहिल्याच आठवड्यात तो रंग खरवडतो आणि फळ्यांमधल्या फटी पुट्टीने नाहीतर इपॉक्सीने गच्च भरतो. आता लाकूड सुकताना रुंदीत आक्रसतं, लांबीत जवळजवळ नाहीच. त्यामुळे उन्हात पडलेल्या होडीच्या फटीतून बोट जाईल इतकी जागा होते. ती फट म्हणजे रोग नव्हे. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात आणि फट आपोआप मिटते. तिथे दगडासारखं काही भरून ठेवलं, तर फुगणाऱ्या फळीला जागाच उरत नाही. मग ती खिळ्यांनाच ओढते, खिळे फासळ्यांतून सुटतात, कधी फासळीच तडकते. जुना रंगही असाच उगाच काढतात. कितीही पोपडे धरलेला असो, तो लाकडातली ओल सावकाश सोडतो. काम सुरू होईपर्यंत तो राहू द्यावा.

पावसाचं पाणी हा मात्र खरा शत्रू. कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २० टक्क्यांच्या वर ओल लागते, हवा लागते आणि ऊब लागते. कोकणात जून ते सप्टेंबर या तिन्हींचा तोटा नाही. खाऱ्या पाण्यात मुरलेल्या लाकडात ही बुरशी सहजी वाढत नाही. गोडं पाणी मीठ धुऊन नेतं आणि तिची वाट मोकळी करतं. म्हणून होडी तपासताना मी बाहेरच्या फळ्यांकडे नंतर बघतो. आधी टोच्या घेऊन आत उतरतो. नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, आतला कोपरा, फासळ्या जिथे पठाणावर, म्हणजे होडीच्या कण्यावर, बसतात ती जागा, तक्तपोशीच्या खालची कड. पाणी अडतं तिथेच टोच्या लोण्यात जावा तसा जातो. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतले जहाज बांधणारे फासळ्यांच्या मधल्या पोकळ्यांत मीठच भरून ठेवत. आपल्याकडे त्याला पर्याय म्हणजे समुद्राच्या पाण्याच्या बादल्या: होडीला आतून अधूनमधून खाऱ्या पाण्याने धुवायचं. खिळे लोखंडी असतील तर हात आखडता घ्यावा लागतो, कारण मीठ लाकडाला राखतं पण लोखंडाला खातं, आणि गंजत गेलेला खिळा भोवतालचं लाकूडही पोखरतो.

राहता राहिलं छप्पर. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते, तेव्हा किनारपट्टीवर होड्या ओढून शाकारतात. बांबूचा सांगाडा, वर झावळ्या. या छपरातून पाणी आत येत नाही पण वारा खेळतो. आता सगळीकडे निळं प्लास्टिक दिसतं, आणि तेही काठाला करकचून बांधलेलं. दुपारी आत वाफ कोंडते, रात्री तिचे थेंब होऊन फळ्यांवर गळतात. पाऊस नसतानाही होडी भिजतेच. प्लास्टिकच वापरायचं तर आढं काढून उंच धरा आणि पुढची-मागची तोंडं उघडी ठेवा. तळाचं बूच काढून टाका, नाळ थोडी वर उचला, म्हणजे चुकून आलेलं पाणीही मागे वाहून जाईल. आंब्याखाली ठेवू नका. सावली छान मिळते, पण पाचोळ्याने आतली पाणी वाहायची भोकं बुजतात.

होडी टेकवायची कशावर, यात घाई करू नये. दोन्ही टोकांना ओंडके देऊन मधला भाग अधांतरी ठेवला की पठाण मधून लवतो. फक्त मध्येच आधार दिला तर नाळ आणि मागचं टोक खाली येतं. एकदा हा बाक बसला की फळ्या बदलून तो जात नाही. म्हणून पठाणाला सगळ्या लांबीत ठरावीक अंतरावर आधार हवा, आणि बाजूचे टेकू फळीवर नव्हे तर फासळीच्या रेषेत. खाली जांभ्याचे चिरे, त्यावर ऐनाचे ठोकळे. लाकूड थेट मातीला लागू द्यायचं नाही, कारण जमिनीवरचा सगळ्यात मोठा चोर म्हणजे वाळवी. नाळेपासून मागच्या टोकापर्यंत दोरी ताणून पठाणाचं अंतर मोजावं आणि दर महिन्याला पुन्हा मोजावं.

हे सगळं चालत्या होडीचं. खाडीच्या चिखलात वर्षानुवर्षं रुतून पडलेल्या होडीला उलटा न्याय लागतो. तिच्या लाकडात आतला आधार संपलेला असतो आणि पाणीच त्याचा आकार धरून असतं. सुकवलं की ते आक्रसून वेडंवाकडं होतं. १६२८मध्ये बुडालेलं स्वीडनचं ‘वासा’ जहाज १९६१मध्ये वर काढलं, तेव्हा पाण्याची जागा घेणारं पॉलिएथिलीन ग्लायकॉल त्यावर १९७९पर्यंत फवारलं. इंग्लंडचं ‘मेरी रोझ’ १९८२मध्ये निघालं, तर त्यावर आधी बारा वर्षं नुसतं गार पाणीच मारत राहिले. आपल्याला ते झेपणारं नाही. पण अशी होडी मिळाली तर ओलं गोणपाट टाकून ती ओलीच ठेवावी, आणि जाणत्या माणसाला दाखवल्याशिवाय उन्हात ओढू नये.

‘साग आहे हो, काय होतंय’ असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मुंबईच्या गोदीत १८१७मध्ये सागात बांधलेलं ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलला उभं आहे, हे खरं. पण ते अनेक दशकं प्रशिक्षणाचं जहाज होतं, त्यावर रोज माणसं वावरत होती. शिवाय आपल्या होड्यांत साग जिथे परवडला तिथेच लागलेला असतो. बाकी आंबा, फणस, उंडी. रिसॉर्टच्या एसी लॉबीत शोभेला होडी ठेवणाऱ्यांना तर मी हात जोडतो. बुरशी लागत नाही तिथे, पण कोरड्या गारव्यात होडी ज्या वेगाने फाटते तेवढ्या वेगाने वैशाखातही फाटत नाही.

वाट बघण्याच्या काळात हाताला काम हवंच असेल तर मापं घ्यावीत. प्रत्येक फासळीपाशी होडीचा बाहेरचा आकार प्लायवुडवर उतरवून कापून ठेवावा. कुठली फळी कुठल्या झाडाची, कुठला सांधा कसा, खिळे लोखंडाचे की तांब्याचे, सगळं वहीत लिहावं, फोटो काढावेत. पावसाळा आणि हिवाळा असा निघाला की लाकडाची ओल स्थिर होते. मग फळी काढायची, पण एका वेळी एकच. डावीकडची काढली की तिच्या जागी नवी बसवायची, मग उजवीकडची तीच. सगळ्या एकदम उघडल्या की फासळ्या आपापल्या वाटेने सरकतात, आणि मग हाताशी राहतो तो फक्त प्लायवुडचा आकार.